गाडीतला दिवा दोन-तीन ठिकाणांहून लावायचा तर: स्विच, डायोड आणि वायरिंग

छतातल्या दिव्याचा स्विच दिव्यावरच असतो. मागच्या सीटवरून तिथे हात पोचत नाही आणि डिकीत सामान लावताना तर तो गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. दुसरा स्विच बसवणं अवघड नाही. सगळं हाताशी असेल तर अर्ध्या दिवसात होतं. काम बिघडतं ते जोडणी न ठरवता वायर कापल्यामुळे. म्हणून आधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून घ्या: स्विचनी नेमकं कसं वागायला हवं, आणि तुमच्या गाडीत दिव्याची कोणती बाजू स्विच होते, प्लस की मायनस.

कसं वागायला हवं?

पहिला प्रकार समांतर जोडणीचा. दोन साधे ऑन-ऑफ स्विच एकमेकांना समांतर लावले की कुठलाही एक दाबल्यावर दिवा लागतो. बंद होण्यासाठी मात्र दोन्ही बंद असावे लागतात. चारही दारांचे स्विच मुळात असेच जोडलेले असतात: एक दार उघडं असलं तरी दिवा चालू. डिकीसाठी जादा स्विच हवा असेल तर एवढं पुरतं. तोटा एकच. मागचा स्विच चुकून चालू राहिला तर पुढे बसलेल्याला दिवा बंद करता येत नाही.

दुसरा प्रकार घरातल्या जिन्याच्या दिव्यासारखा: खालून लावा, वरून विझवा. त्याला टू-वे स्विच लागतात आणि दोन स्विचच्या मध्ये दोन वायर जातात. प्रवासी गाडीत, व्हॅनमध्ये किंवा झोपण्याची सोय केलेल्या गाडीत हाच प्रकार सोयीचा.

तिसरा प्रकार पुश बटणांचा. एक टॉगल रिले (दर दाबाला आलटून-पालटून चालू-बंद होणारा, विजेवर चालणारा स्विच) किंवा तेच करणारं मॉड्यूल आणि हवी तितकी बटणं. ठिकाणं तीन किंवा जास्त असतील तर आमच्या मते हाच घ्यावा. तीन जागी टू-वे जोडणी करता येते, पण वायर वाढतात आणि चुकाही.

मूळ जोडणी समजून घ्या

बहुतेक गाड्यांमध्ये छतातल्या दिव्याला फ्यूजमधून कायम १२ व्होल्ट प्लस येतो आणि मायनस बाजू स्विच होते. दिव्याच्या घरात तीन वायर दिसतात: कायमचा प्लस, दारांकडे जाणारी वायर आणि बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, गेलेली). काही गाड्यांत अर्थची वेगळी वायर नसते. दिव्याचा स्क्रू किंवा पत्र्याची पट्टीच थेट छताला टेकते. दिव्यावरचा तीन जागांचा स्विच बल्बची मायनस पट्टी एकतर अर्थला जोडतो (चालू), किंवा दाराच्या वायरला (दार), किंवा कशालाच नाही (बंद). या मायनस पट्टीला पुढे आपण ‘ल’ म्हणू. सगळं काम हिच्याभोवतीच आहे.

काही जुन्या गाड्यांमध्ये उलट असतं: दिव्याला कायम अर्थ आणि दारांचे स्विच प्लस पुरवतात. तिथे खालच्या सगळ्या जोडण्यांत प्लस-मायनसची आणि डायोडच्या (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) तोंडाची अदलाबदल करायची, शिवाय प्रत्येक नवी वायर फ्यूजमधून घ्यायची.

हा फरक महत्त्वाचा आहे. मायनस बाजूच्या जोडणीत नवी वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर फार तर दिवा लागून राहतो, कारण करंट बल्बमधूनच जातो. प्लस बाजूची वायर टेकली तर सरळ शॉर्ट. तिथे फ्यूज नसेल तर छताच्या अस्तरामागे वायर पेटू शकते. निवड तुमच्या हातात असेल तेव्हा मायनस बाजूच घ्या.

अलीकडच्या गाड्यांत दाराचा स्विच कुलपाच्या आत असतो आणि तो थेट दिव्याला न जाता बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे बीसीएमला, नुसता संकेत देतो. दिवा लावण्याचं, हळूहळू मंद करण्याचं आणि काही वेळाने तोडण्याचं काम बीसीएम करतं. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

मोजून खात्री करा

दिव्याची काच प्लॅस्टिकच्या पातीने हलकेच उचकटा, घर खाली घ्या आणि कनेक्टर काढा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

१. काळा प्रोब कोऱ्या पत्र्याला लावा आणि लाल प्रोब प्रत्येक पिनवर टेकवा. दार उघडं असो वा बंद, जिथे सतत १२ व्होल्टच्या आसपास दिसतं तो कायमचा प्लस. इथे थांबू नका. बीसीएम असलेल्या गाडीत दाराच्या वायरवरही काही व्होल्ट दिसू शकतात.

२. आता लाल प्रोब त्या प्लसवर ठेवा आणि काळा प्रोब बाकीच्या पिनांवर फिरवा. दार कसंही असलं तरी १२ व्होल्ट येतात ती अर्थ. फक्त दार उघडल्यावर १२ येतात ती दाराची वायर.

३. दुसऱ्या तपासणीत दार उघडल्यावर काहीच बदललं नाही, पण पहिल्या तपासणीत एका पिनवर दार उघडताच १२ व्होल्ट आले, तर गाडी प्लस बाजूने स्विच होणारी आहे.

दार उघडं ठेवून ‘बंद’ स्थिती पाहायची असेल तर दारावरच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने आत फिरवा, म्हणजे गाडीला दार बंद झाल्यासारखं वाटतं. काम संपल्यावर हँडल ओढून ती जीभ मोकळी केल्याशिवाय दार लावू नका, कुलूप वाकतं. जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीतला रबरी टोपीचा पिन स्विच बोटाने दाबला तरी चालतं.

बल्बवाला टेस्ट लॅम्प बीसीएमच्या वायरवर वापरू नका. तो स्वतःच करंट ओढतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना तर मल्टीमीटरही लावायचा नाही.

सामान

वायर: एका-दोन दिव्यांसाठी ०.५ चौरस मिमी, अनेक धाग्यांची, गाडीसाठी बनवलेली तांब्याची वायर. दहा वॉटचा साधा बल्ब साधारण ०.८ अँपिअर घेतो आणि ०.५ चौरस मिमी वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०४ ओहम असतो. साडेसहा मीटरच्या वाटेवर जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात. ते डोळ्याला कळतही नाही. असे तीन बल्ब एकाच वायरवर टाकले तर ०.६ व्होल्ट पडतात आणि प्रकाश साधारण पंधरा टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा ०.७५ घ्या, किंवा सरळ एलईडी बल्ब लावा. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत नको. हादऱ्यांनी ती आतून तुटते.

स्विच: टू-वेसाठी तीन पिनांचा ‘ऑन-ऑन’ स्विच. इथे दोन फसवणुकी आहेत. ‘ऑन-ऑफ-ऑन’ स्विचलाही तीनच पिना असतात, पण मधल्या जागी तो सगळं तोडतो, आणि मग दुसऱ्या टोकाचा स्विच कितीही दाबा, दिवा लागत नाही. दुसरी फसवणूक आत दिवा असलेल्या रॉकर स्विचची. त्याची तिसरी पिन नुसत्या आतल्या दिव्याची असते. तो टू-वे नसतोच. लावण्याआधी कंटिन्युइटी, म्हणजे कुठली पिन कुठल्या पिनला जोडली जाते ते, मल्टीमीटरने तपासा. कॉमन (दोन्ही स्थितींत सामाईक) पिन दोन्ही जागी कुठल्या ना कुठल्या पिनला मिळालीच पाहिजे.

बल्ब गार असताना सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट ओढतो, म्हणून ०.८ अँपिअरच्या दिव्यालाही किमान ३ अँपिअरचा स्विच असावा.

डायोड: १एन४००७ सगळीकडे मिळतो, पण त्याची मर्यादा १ अँपिअर आहे. अस्तरामागे, टेपात गुंडाळलेला, ०.८ अँपिअर वाहून नेणारा १एन४००७ चांगलाच तापतो. साध्या बल्बसाठी ३ अँपिअरचा १एन५४०८ घ्या. एक-दोन वॉटच्या एलईडीला १एन४००७ पुरतो. १एन५८२२ हा शॉटकी डायोड कमी व्होल्ट खातो. बल्ब मंद होऊ नये असं वाटत असेल तर तो.

शिवाय लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी), हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी, क्रिंपिंगची (लग वायरवर दाबून बसवायची) पक्कड, कापडी टेप (प्लॅस्टिकची टेप उन्हात चिकट होऊन सुटते आणि वायर छतावर खडखडते), केबल टाय, आणि प्लस घ्यावा लागणार असेल तर २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसह.

समांतर स्विच आणि डायोड का लागतो

मायनस बाजूच्या गाडीत सगळ्यात सोपी जोडणी अशी: ‘ल’ पट्टीवरून एक वायर नव्या स्विचला, स्विचची दुसरी पिन बॉडी अर्थला. बस. प्लसला हातही लावायचा नाही.

मात्र दिव्यावरचा स्विच ‘दार’वर असतो तेव्हा ‘ल’ पट्टी दाराच्या वायरला जोडलेली असते. नवा स्विच दाबला की दाराची वायरही अर्थ होते आणि गाडीला वाटतं दार उघडलं. डॅशबोर्डवर दाराची खूण लागते, किल्लीचा बझर वाजतो, अलार्म असेल तर तोही गोंधळतो. हे टाळण्यासाठी दाराच्या वायरमध्ये एक डायोड घालावा लागतो.

कनेक्टरपासून पाच-सहा सेंटिमीटरवर, दिव्याच्या बाजूला, दाराची वायर कापा. डायोडची पट्टी असलेली बाजू दारांकडे, बिनपट्टीची दिव्याकडे. दार उघडल्यावर करंट दिव्याकडून दाराकडे जातो, त्याला वाट मोकळी. नवा स्विच दाबल्यावर दाराच्या वायरवरून उलटा करंट यायला पाहतो, त्याला वाट बंद. सोल्डर करताना डायोडचा पाय पक्कडीत धरा, म्हणजे उष्णता आत जात नाही. नंतर दोन्ही पाय वेगवेगळ्या हीट श्रिंकमध्ये आणि सगळ्यावर एक मोठी नळी.

‘ल’ पट्टीला वायर जोडताना बल्ब काढा आणि पट्टीच्या बल्बपासून लांबच्या टोकाला झटकन डाग द्या. जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न धरली तर प्लॅस्टिक वितळून पट्टी सैल होते आणि मग बल्ब धरतच नाही. साधा दहा वॉटचा बल्ब वायरचं आवरण वितळवण्याइतका तापतो, तेव्हा नवी वायर त्याच्यापासून दूर, घराच्या कडेने बाहेर काढा.

पुढचा आणि मागचा असे दोन दिवे एकाच नव्या स्विचवर घ्यायचे असतील तर दोन्ही ‘ल’ पट्ट्या थेट एकत्र बांधू नका. तसं केलं की पुढचा दिवा त्याच्या स्वतःच्या स्विचने लावला तरी मागचाही लागतो. प्रत्येक ‘ल’पासून एक डायोड घ्या, बिनपट्टीची बाजू दिव्याकडे, पट्टीच्या बाजू एकत्र करून नव्या स्विचला न्या. दाराच्या वायरमधला डायोडही प्रत्येक दिव्याला वेगळा लागतो. मॅप लाइटच्या (पुढच्या दोन सीटवरच्या वाचायच्या दिव्याच्या) दोन बल्बनाही हेच लागू.

टू-वे: पुढून लावा, मागून विझवा

वर एका स्विचने केलेलं अर्थ जोडण्याचं काम इथे दोन स्विच मिळून करतात. दाराच्या वायरमधला डायोड तसाच राहतो.

‘ल’ पट्टी पहिल्या स्विचच्या कॉमन पिनला. पहिल्या स्विचच्या दोन्ही बाजूच्या पिना दोन वायरनी दुसऱ्या स्विचच्या बाजूच्या दोन पिनांना. कुठली कुठे, याला महत्त्व नाही. दुसऱ्या स्विचची कॉमन पिन जवळच्या बॉडी अर्थला. म्हणजे छतापासून पुढच्या स्विचपर्यंत एक वायर, पुढून मागे दोन, आणि मागे अर्थची आखूड वायर.

बहुतेक टॉगल स्विचमध्ये कॉमन मधली पिन असते, पण रॉकरमध्ये ती कडेलाही सापडते. मोजा आणि मार्करने खूण करा. दोन मधल्या वायरना एकच रंग द्या आणि कॉमनला वेगळा; नंतर शोधताना डोकं फिरत नाही. एका स्विचमध्ये कॉमन आणि बाजूची पिन उलटी जोडली गेली तर ओळखू येणारं लक्षण एकच: एक स्विच दुसऱ्याच्या एकाच स्थितीत काम करतो. या लक्षणाला वायर उपसायची गरज नाही, स्विचमागची दोन टोकं बदला.

दार उघडं असताना दिवा लागणारच, स्विच कसेही असोत. दार लावलं की तो पुन्हा स्विचच्या स्थितीवर जातो. दार उघडं ठेवून अंधारात बसायचं असेल तर दिव्यावरचा मूळ स्विच ‘बंद’वर न्या. त्याने दाराची वाट तुटते, नवे स्विच तरीही चालतात.

काही ठिकाणी आणखी एक टू-वे जोडणी दिसते: दोन्ही स्विचना प्लस आणि अर्थ दोन्ही द्यायचे आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये टांगायचा. वायर वाचते म्हणून ती मोहात पाडते. ती करू नका. दिव्याला कधी सरळ, कधी उलटा प्लस मिळतो, त्यामुळे साधा बल्ब लागतो पण एलईडी दोनपैकी एकाच स्थितीत लागतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक स्विचच्या आत प्लस आणि अर्थ शेजारी-शेजारी बसतात, आणि स्विच झिजला की तिथेच शॉर्ट.

तीन किंवा जास्त ठिकाणं

टू-वेच वाढवायचा असेल तर मध्ये सहा पिनांचा ‘ऑन-ऑन’ स्विच लागतो. एका रांगेच्या पिनांना १, २, ३ आणि दुसरीच्या ४, ५, ६ म्हणा. २ आणि ५ मधल्या. पिन १ आणि ६ तुकड्याने जोडा, ३ आणि ४ दुसऱ्या तुकड्याने. पहिल्या स्विचकडून येणाऱ्या दोन वायर २ आणि ५ ला, पुढे जाणाऱ्या दोन १ आणि ३ ला. एका स्थितीत वायर सरळ जातात, दुसरीत त्यांची अदलाबदल होते. असे मधले स्विच कितीही घालता येतात.

पुश बटणांची पद्धत याहून सुटसुटीत आहे. १२ व्होल्टचं टॉगल मॉड्यूल घ्या. ते एका दाबाला रिले चालू करतं, पुढच्या दाबाला बंद. संकेताची पिन अर्थ केल्यावर काम करणारं मॉड्यूल निवडलं तर एकच बारीक वायर सगळ्या बटणांवरून फिरवता येते आणि प्रत्येक बटणाची दुसरी पिन जवळच्या पत्र्याला. रिलेची कॉमन पिन अर्थला, नॉर्मली ओपन पिन ‘ल’ला. मॉड्यूलचा प्लस २ अँपिअर फ्यूजमधून.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. दिवा बंद असताना मॉड्यूल किती करंट खातं: ५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.१२ अँपिअर-तास, ते सोसतं. ५० असेल तर परत करा. बॅटरी काढून लावल्यावर ते चालू होतं की बंद राहतं: बंदच राहायला हवं. आणि बटणाची थरथर ते गिळतं का: नाहीतर एका दाबात दिवा लागून लगेच विझतो.

नेहमीचा चार-पाच पिनांचा गाडीचा रिले इथे चालत नाही. त्याला लागून राहण्यासाठी ८५ आणि ८६ या पिनांवर सतत करंट लागतो, साधारण १५० मिलिअँपिअर. एलईडी दिवाच तेवढा करंट खातो, मग रिले कशाला?

बीसीएम असलेल्या गाड्या

इथे दिव्याची मायनस बीसीएम स्वतः अर्थ करतं, बहुधा वेगाने चालू-बंद करत, म्हणूनच दिवा हळूहळू मंद होतो. ‘ल’ला समांतर स्विच इथेही चालतो, डायोडसकट, आणि मंद होण्याचा खेळ फक्त दारापुरता उरतो. पण अनेक गाड्यांत दिव्याचा प्लसही बीसीएम देतं आणि गाडी बंद केल्यावर ठरावीक वेळाने तोडतं. मग लक्षण असं: नवा स्विच आधी नीट चालतो, थोड्या वेळाने दिवा विझतो आणि दार उघडल्याशिवाय लागत नाही. हा तुमच्या जोडणीचा दोष नाही.

अशा गाडीत मूळ दिव्याला न छेडता स्वतंत्र एलईडी दिवे, त्यांचा स्वतंत्र प्लस आणि स्वतंत्र स्विच हाच मार्ग बरा. बीसीएमच्या दिव्याच्या वायरवर रिलेची कॉइल तर मुळीच लावू नका. मंद होताना रिले कडकडतो, आणि कॉइल सुटताना येणारा उलटा झटका बीसीएमच्या आतलं सर्किट जाळू शकतो.

स्वतंत्र प्लस फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने घ्या (मूळ फ्यूजच्या जागी बसणारा, मूळ आणि नवा असे दोन फ्यूज धरणारा जोड). टॅप दोन्ही बाजूंनी बसतो, पण बरोबर एकच. तपासायची युक्ती: टॅपमधला मूळ फ्यूज काढा, नवा ठेवा. नव्या वायरवर १२ व्होल्ट आले तर बाजू बरोबर. नाही आले तर टॅप फिरवा. नाहीतर तुमच्या दिव्यांचा भारही मूळ फ्यूजवर पडतो. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या फ्यूजवर टॅप लावायचा नाही.

वायर ओढताना

बॅटरीची मायनस काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये साठलेली वीज उतरायला काही मिनिटं लागतात. छताच्या कडेने आणि पुढच्या खांबात पडद्याची एअरबॅग असते. वायर तिच्या मागून, मूळ वायरच्या गठ्ठ्याला बांधून न्या. तिच्या समोरून आडवी गेलेली वायर एअरबॅग उघडताना अडकते किंवा उडून अंगावर येते. खांबाची पट्टी काढल्यावर क्लिप तुटली तर जुनीच परत ठोकू नका, नवी बसवा.

दरवाजाच्या रबरी नळीतून वायर नेण्याच्या भानगडीत पडू नका. स्विच दारावर नको, खांबावर किंवा कन्सोलवर ठेवा. डिकीच्या झाकणाऐवजी तिच्या आतल्या कडेच्या पट्टीवर जागा शोधा.

अर्थ बॉडीच्या मूळ अर्थ बोल्टवर घ्या. नसेल तर कोऱ्या पत्र्यावर रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून लग आवळा आणि वर ग्रीस लावा. सीट बेल्टचा बोल्ट आणि एअरबॅग मॉड्यूलचा अर्थ बोल्ट वर्ज्य. जोड क्रिंप करा. सोल्डर केलाच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या, कारण डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि तिथेच तुटते. सोलल्याशिवाय चिमटणारे निळे-लाल प्लॅस्टिकचे जोड बारीक वायरवर टिकत नाहीत. काही महिन्यांनी दिवा लुकलुकू लागतो.

लक्षणावरून दोष

दार उघडल्यावर दिवा लागत नाही आणि नवा स्विच दाबल्यावर डॅशबोर्डवर दाराची खूण लागते: ही दोन लक्षणं एकत्र आली की डायोड उलटा बसला आहे. फक्त दाराची खूण लागत असेल, पण दाराने दिवा लागतो, तर डायोड शॉर्ट झाला आहे किंवा वायर चुकून त्याला वळसा घालून गेली आहे.

दोन्ही दिवे अगदी मंद लागतात: ते समांतरऐवजी एकामागोमाग जोडले गेले आहेत. एलईडी अजिबात लागत नाही: तो फिरवून लावा, फेस्टून (दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेल्या नळीसारख्या) एलईडीला दिशा असते. फिरवूनही नाही तर लांबी पाहा. ३१, ३६, ३९ आणि ४१ मिमी अशा मापांत ते येतात आणि दोन-तीन मिमीच्या फरकाने पट्टीला टेकत नाहीत.

एलईडी बंद असतानाही अंधुक चमकतो: बीसीएमकडून झिरपणारा थोडासा करंट. दिव्याला समांतर १ किलोओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर लावा, तो ०.२ वॉटच खर्चतो आणि चमक जाते. त्याहून कमी ओहमचा लावायचा तर वॉट वाढवा, नाहीतर अस्तराखाली तो भाजतो.

नवा फ्यूज दिवा लावताच उडतो: प्लसची वायर कुठेतरी चेपली आहे, बहुधा खांबाच्या क्लिपखाली. मोठा फ्यूज टाकणं हा उपाय नाही.

सगळं बसल्यावर बॅटरीचा करंट मोजा. मल्टीमीटर १० अँपिअरवर, बॅटरीच्या मायनस खांबाच्या आणि काढलेल्या केबलच्या मध्ये. कुलपांच्या जिभा आत फिरवा, किल्ली बाहेर, आणि मॉड्यूल झोपेपर्यंत थांबा. काही गाड्यांना अर्धा तासही लागतो. मीटर जोडलेला असताना स्टार्ट मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. शेवटी आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. ०.८ अँपिअरच्या आसपास अडकला असेल तर कुठला तरी दहा वॉटचा बल्ब जळतो आहे, आणि ४५ अँपिअर-तासाची बॅटरी तो दोन-अडीच दिवसांत रिकामी करेल. एकेक नवा स्विच फिरवत आकडा पाहा.